मधली फळी आणि खालची बातमी



स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावरून विक्री खात्याविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. उद्योगधंद्यांविषयीचा आपला सार्वजनिक विचार कारखान्याच्या फाटकापाशीच बराचसा थांबतो. गिरणी कामगार, त्याची चाळ, त्याचा संप यांवर मराठीत भरपूर आणि चांगले लिहिले गेले. पण खांद्याला बॅग लावून दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेला औषध प्रतिनिधी, बँकेच्या शाखेत विम्याचे अर्ज भरून घेणारी मुलगी, मोटारसायकलवरून गावोगाव कर्जाचे ग्राहक शोधणारा पंचविशीतला तरुण, यांच्या कामाचे स्वरूप आपण फारसे तपासलेले नाही. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या असंख्य मुलामुलींची पहिली नोकरी आज हीच असते. या नोकरीत माणसाची उमेद कशाने टिकते आणि कशाने खचते, हा मला सार्वजनिक महत्त्वाचा प्रश्न वाटतो. माझे म्हणणे असे आहे की, विक्रीतला माणूस पायपिटीने किंवा मोठ्या टार्गेटने सहसा खचत नाही. आपण डोळ्यांनी पाहिलेली खरी गोष्ट सांगितली आणि ती कोणी ऐकूनच घेतली नाही, उलट खोटे बोलायला भाग पाडले, म्हणजे तो खचतो. ऐकून घेण्याचे आणि ऐकलेले वर नेण्याचे काम मधल्या फळीतल्या मॅनेजरांचे असते. त्यांनी ते सोडले की आधी माणसांचे मनोबल जाते, मग आकड्यांचा खरेपणा जातो, आणि धंद्याचे नुकसान दिसते ते सर्वांत शेवटी.

औषधविक्रीचे उदाहरण घेऊ, कारण तिची घडण मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत जवळपास सारखी आहे. प्रतिनिधी, म्हणजे बोलण्यातला एमआर, दिवसाला दहा-बारा डॉक्टरांना भेटतो, काही केमिस्टांकडे जातो आणि रात्री डीसीआर, म्हणजे दिवसभराच्या भेटींचा अहवाल भरतो. असे चार-सहा प्रतिनिधी एका एरिया मॅनेजरच्या हाताखाली, असे काही एरिया मॅनेजर एका रिजनल मॅनेजरच्या हाताखाली, त्यावर झोनल, त्यावर मुख्य कार्यालय. कंपनीचा माल भिवंडीसारख्या ठिकाणच्या गोदामातून स्टॉकिस्टकडे जातो. ही प्रायमरी विक्री. स्टॉकिस्टकडून तो केमिस्टच्या दुकानात जातो, ही सेकंडरी. रुग्णाच्या हाती औषध पडते ते त्यानंतर. प्रतिनिधीची सगळी मेहनत डॉक्टरने चिठ्ठीवर औषध लिहावे यासाठी असते, आणि त्या लिहिण्याचा परिणाम प्रायमरीच्या आकड्यात उमटायला आठवडे जातात. टार्गेट मात्र पुष्कळ ठिकाणी प्रायमरीवरच बांधलेले असते आणि महिन्याच्या शेवटच्या तारखेला मोजले जाते. महिनाअखेरचा सगळा ताण या विसंगतीतून येतो. पंचवीस तारखेच्या सुमारास मॅनेजरचे फोन सुरू होतात: क्लोजिंग किती होणार, स्टॉकिस्टशी बोललास का, अजून किती टाकता येईल. स्टॉकिस्टकडे दोन महिन्यांचा माल पडून असला तरी आणखी घे म्हणून त्याच्या मागे लागायचे. तो परत घेण्याच्या बोलीवर घेतो. पुढे तो माल परत येतो किंवा पडून पडून एक्स्पायरीत निघतो, आणि त्या खड्ड्यासकट नवे टार्गेट गाठायला पुन्हा तोच मार्ग धरावा लागतो. या साऱ्या उलाढालीत औषध एकाही जादा रुग्णापर्यंत पोचलेले नसते, आणि हे सर्वांत स्पष्टपणे कोणाला ठाऊक असते, तर त्या प्रतिनिधीला.

आता त्याच्या मनाचे काय होते ते बघा. नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या गावचा प्रतिनिधी मॅनेजरला सांगतो की कांद्याला भाव नाही, लोक दवाखान्यात यायचे लांबवताहेत. किंवा सांगतो की अमुक डॉक्टरांनी दवाखाना मुलाकडे सोपवला आणि मुलगा वेगळी औषधे लिहितो. किंवा दुसऱ्या कंपनीने तेच औषध बऱ्याच कमी किमतीत आणले. मुख्य कार्यालयात बसलेल्या कोणालाही न दिसणारी ही माहिती आहे, आणि ती जागेवर जाऊन आणणारा माणूस कंपनीने पगार देऊन ठेवलेला आहे. मॅनेजरचे उत्तर येते, ‘कारणे सांगू नकोस, आकडा सांग.’ त्या उत्तरासरशी माहिती तिथेच थांबते. शिवाय सांगणाऱ्याला कळून चुकते की आपल्या नजरेला, आपल्या अंदाजाला इथे काही किंमत नाही. पुढच्या वेळी तो बोलत नाही, विचारले तर ‘होईल सर’ म्हणतो. मॅनेजर ते तितक्याच खात्रीने वर सांगतो, अशा पाच-सहांच्या ‘होईल’ची बेरीज कमिटमेंट म्हणून रिजनल मॅनेजरच्या तक्त्यात चढते, आणि त्या तक्त्यावर उत्पादनाचे अंदाज बांधले जातात. जे खोटे आहे हे जो जाणतो त्यालाच ते रोज सांगावे लागणे, याला मी मनोबल खचणे म्हणतो. पगार वेळेवर आहे, इन्सेंटिव्ह आहे, वार्षिक सोहळ्यात स्मृतिचिन्हही मिळते, तरी त्या माणसाच्या मनात स्वतःच्या कामाविषयीचा आदर उरत नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग भागातल्या दोनशेवर अभियंत्यांच्या आणि हिशेबनिसांच्या मुलाखती घेऊन १९५९ मध्ये जो निष्कर्ष मांडला, त्यात नोकरीत नकोसे वाटायला लावणाऱ्या कारणांत कंपनीची धोरणे आणि वरिष्ठांची देखरेख ही ठळक होती. ती माणसे विक्रीतली नव्हती. पण विक्रीत वरिष्ठाची देखरेख दिवसातून दहादा फोनवर येते, तेव्हा हे कारण इथे सौम्य ठरेल असे मानायला मला आधार दिसत नाही.

मधली फळी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. एडवर्ड लेझिअर, कॅथरिन शॉ आणि क्रिस्टोफर स्टँटन या अर्थशास्त्रज्ञांनी एका मोठ्या सेवा कंपनीतल्या कर्मचाऱ्यांची आणि त्यांच्या वरिष्ठांची नोंद तपासून २०१५ मध्ये दाखवले की, सर्वांत वाईट दशांशातला वरिष्ठ काढून त्या जागी सर्वांत चांगल्या दशांशातला आणला, तर नऊ जणांच्या गटात दहावा माणूस वाढवल्याइतके काम वाढते. चांगल्या मॅनेजरचे हे मोल औषधाच्या धंद्यात जॉइंट वर्कच्या दिवशी उघड दिसते. मॅनेजर प्रतिनिधीबरोबर दिवसभर फिरतो. नवख्या मुलाचे डॉक्टरसमोर कुठे अडते हे तो पाहतो, दोन भेटींच्या मधल्या वेळात ते समजावतो, आणि स्टॉकिस्टच्या गोदामात स्वतः जाऊन साठा मोजतो. तोच दिवस चुका टिपून ठेवून संध्याकाळी सगळ्या गटासमोर वाचण्यासाठीही वापरता येतो. दोन्हींची नोंद कंपनीच्या दप्तरी ‘जॉइंट वर्क’ अशीच होते.

ही केवळ माझी मांडणी आहे असे वाटू नये म्हणून ज्याची चौकशी पूर्णपणे छापली गेली असे एक प्रकरण थोडे विस्ताराने सांगतो. अमेरिकेतली वेल्स फार्गो ही फार जुनी बँक. एका ग्राहकाला आठ खाती किंवा सेवा विकायच्या, असे ध्येय तिने शाखांपुढे ठेवले होते. शाखेतल्या कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावे खाती आणि कार्डे उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये नियंत्रकांनी आणि लॉस एंजेलिसच्या प्रशासनाने मिळून १८.५ कोटी डॉलरचा दंड केला, तेव्हा अशा संशयित खात्यांचा आकडा सुमारे २० लाख सांगितला गेला. पुढच्या वर्षी तो ३५ लाखांवर गेला. जवळपास पाच वर्षांत ५,३०० कर्मचारी काढले गेले होते. बँकेच्या स्वतंत्र संचालकांनी एप्रिल २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला चौकशी अहवाल मधल्या फळीचा अभ्यास करणाऱ्याने मुळातून वाचावा असा आहे. विभागांच्या विक्रीची क्रमवारी नियमित काढली जाई आणि मॅनेजर एकमेकांशी तोलले जात. जानेवारी महिन्यात खास मोहीम असे आणि रोजचे टार्गेट चढे. लॉस एंजेलिस भागात मॅनेजरांनी सहकाऱ्यांच्या रांगांमधून धावत फळ्यापर्यंत जायचे आणि आपला आकडा सर्वांसमक्ष लिहायचा, असा प्रकारही झाला. विक्रीच्या योजनेला आतल्या बोलण्यात ‘पन्नास-पन्नास’ म्हणत, कारण निम्मे विभागच ती पुरी करू शकतील असे आधीच धरलेले असे. म्हणजे निम्म्या मॅनेजरांचे अपयश योजनेतच लिहिलेले होते, आणि त्या मॅनेजरांनी ते खाली वाटले.

या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट फसवणुकीच्या तंत्राची नाही. खालची बातमी वर का गेली नाही, ही आहे. कर्मचारी तक्रारी करत होते. डिसेंबर २०१३ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्स या वृत्तपत्राने शाखांमधल्या दडपणाविषयी सविस्तर लिहिले, मे २०१५ मध्ये शहराच्या वकिलाने दावा लावला. बँकेच्या उतरंडीत मात्र प्रत्येक पायरीवर त्या बातमीचे रूप एकच होत गेले: काही मोजक्या लोकांनी गैरवर्तन केले, त्यांना काढले, प्रश्न मिटला. माणसे सोडून जाण्याचे प्रमाणही फार मोठे होते. काही वर्षे ते वार्षिक ३० टक्क्यांच्या खाली आलेच नव्हते. त्यावर विचार करण्याऐवजी, या जागांसाठी अर्ज करणारे पुष्कळ आहेत, असे समाधान करून घेतले गेले. खालच्या फळीतले लोक मोठ्या संख्येने निघून जाणे ही देखील एक बातमीच असते, बोलण्याची सोय उरली नाही म्हणून पायांनी दिलेली. ती वाचणारे कोणी नव्हते. काढलेल्यांचा एकूण आकडा संचालक मंडळापुढे आला तो थेट दंडाच्या वेळी. पुढे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने २०१८ मध्ये वेल्स फार्गोच्या वाढीवर मर्यादा घातली आणि ती सात वर्षे राहिली. २०२० मध्ये बँकेने सरकारशी ३ अब्ज डॉलरची तडजोड केली. टार्गेट गाठल्याच्या खोट्या बातम्या वर पाठवण्याची ही किंमत होती.

यावर विक्रीचा अनुभव असलेल्यांचा पहिला आक्षेप असतो की, दबावाशिवाय विक्री होत नाही. नकार पचवत दारोदार जाण्याची माणसाला नैसर्गिक हौस नसते, मागे कोणी लागले तरच तो उठतो. या म्हणण्यात तथ्य आहे. टार्गेट नसावे असे मी म्हणत नाही. गुणवत्तेचे तत्त्वज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी १९८० च्या दशकात संख्यात्मक कोटे सरसकट काढून टाकायला सांगितले, तितक्या टोकाला जायची माझी तयारी नाही. पण त्यांनी त्याच्या जोडीने सांगितलेली दुसरी गोष्ट, म्हणजे कामाच्या जागेतली भीती घालवा, ही मला अपरिहार्य वाटते. भीती आहे तिथून खरा आकडा येत नाही, हे विक्रीइतके दुसऱ्या कोणत्या खात्यात सिद्ध झाले नसेल. दबावाने जादा विक्री होते की फक्त विक्रीची तारीख हलते, हे मोजून पाहता येते. इयन लार्किन यांनी एका सॉफ्टवेअर कंपनीच्या विक्रीचा अभ्यास करून २०१४ मध्ये दाखवले की, तिमाहीच्या तारखेवर बक्षीस बांधल्यामुळे विक्रेते सौदे स्वतःच्या सोयीने मागेपुढे करतात, त्यासाठी नको इतकी सवलत देतात, आणि त्यात उत्पन्नाचा ६ ते ८ टक्के भाग जातो. आपल्याकडच्या महिनाअखेरच्या क्लोजिंगचे ते सख्खे भावंड आहे. कडक मॅनेजर आणि वाईट मॅनेजर यांत फरक करायला मी सांगेन. कडक मॅनेजर टार्गेट का हुकले ते विचारतो आणि उत्तर तपासायला स्वतः बाजारात जातो. प्रतिनिधी सबब सांगत असेल तर ती तिथे उघडी पडते, खरे सांगत असेल तर तेही ठरते. आळशी आणि लबाड माणसे विक्रीत असतातच. त्यांना ओळखण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही. सरसकट ओरडण्याने तर लबाड आणि प्रामाणिक एका रांगेत येतात, आणि त्या रांगेत लबाडाचे निभावते.

दुसरा आक्षेप जास्त सहृदय आहे. मधला मॅनेजर स्वतःच पिचलेला असतो, त्याला दोष का द्यायचा? जून २०२३ मध्ये एका मोठ्या खासगी बँकेच्या कोलकात्यातल्या अधिकाऱ्याची ऑनलाइन बैठकीतली चित्रफीत देशभर फिरली. विमा पॉलिसी आणि खात्यांच्या आकड्यांवरून तो कनिष्ठांवर ओरडत होता, त्यांचा अपमान करत होता. बँकेने त्याला निलंबित केले. निलंबन योग्यच होते. पण त्या अधिकाऱ्याच्या मागे लागलेला आकडा कोणी ठरवला आणि अशा बैठका इतरत्र किती होतात, हे प्रश्न त्या निलंबनाबरोबरच चर्चेतून गेले. ५,३०० लोकांना काढून वेल्स फार्गोने जी चूक केली तिचे हे छोटे रूप झाले. तेव्हा मधल्या मॅनेजरची कोंडी मला मान्य आहे, आणि त्या कोंडीचे मूळ त्याच्या निवडीतच आहे. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू यांनी १३१ कंपन्यांतल्या विक्री कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की, कंपन्या सर्वांत जास्त विकणाऱ्याला मॅनेजर करतात, आणि ज्याची स्वतःची विक्री बढतीपूर्वी जास्त, त्याच्या हाताखालच्यांची कामगिरी त्याच्या येण्याने घसरते. सहकाऱ्यांबरोबर वाटून घेऊन विक्री केलेले लोक जास्त चांगले मॅनेजर ठरतात, पण बढती देताना त्या गुणाकडे लक्ष दिले जात नाही. हे आपल्याकडच्या फिल्डवर काम करणाऱ्या कोणालाही नवीन वाटणार नाही. एका तालुक्यात स्वतःच्या ओळखींवर आकडे आणणारा हुशार एमआर एरिया मॅनेजर होतो, पाच जणांना शिकवायचे कसे हे त्याला कोणी शिकवत नाही, आणि घाबरला की त्याला येणारी एकच गोष्ट तो करतो: स्वतः फोन उचलून स्टॉकिस्टच्या गळ्यात माल मारतो, किंवा हाताखालच्याला तसे करायला लावतो.

तरीही त्याला सगळी सूट देता येत नाही. वेल्स फार्गोच्या अहवालात गैरप्रकार सगळीकडे सारखे नव्हते. लॉस एंजेलिस आणि ॲरिझोना हे भाग त्यात विशेष होते. बँक एकच, वरून येणारा रेटा एकाच दिशेचा, तरी मधल्या लोकांच्या स्वभावाने आणि निर्णयाने शाखेतल्या माणसाचा दिवस वेगळा होत होता. वरून आलेला आकडा जसाच्या तसा खाली भिरकावायचा की आपल्या पाच माणसांच्या भागांची परिस्थिती पाहून वाटायचा, एवढे स्वातंत्र्य अगदी कोंडलेल्या मॅनेजरलाही असते. गटाच्या व्हॉट्सॲपवर कोणाचे नाव सर्वांत खाली आहे हे रात्री अकराला टाकायचे की नाही, हे त्याच्याच बोटावर असते.

अलीकडे तिसरा आक्षेप ऐकू येतो की ही मधली फळीच काढावी. ॲपवर हजेरी, भेटीचे ठिकाण, ऑर्डर, सगळे थेट मुख्य कार्यालयाला दिसते. पण ॲपला प्रतिनिधी दवाखान्याच्या दारात किती वाजता उभा होता हे कळते, डॉक्टरने आत त्याला काय सांगितले हे कळत नाही. शिवाय ठिकाणाची नोंदच महत्त्वाची ठरली की नोंदीसाठी भेटी होऊ लागतात. डॉक्टर बाहेरगावी आहेत हे ठाऊक असूनही दारापर्यंत जाऊन नोंद लावण्यात दुपार जाते. वरची नजर वाढली आणि ऐकणारा माणूस गेला, तर बातमीचा राहिलेला मार्गही बंद होईल.

कायद्याने काय साधते, हेही विचारले जाते. औषध प्रतिनिधींच्या संघटनांनी फार झगडून १९७६ चा विक्री संवर्धन कर्मचारी सेवाशर्ती कायदा मिळवला. त्याने नेमणूकपत्र आणि रजा हक्काच्या झाल्या. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने अशा कर्मचाऱ्यांना कामगाराच्या व्याख्येत घेतले. ही मिळकत मोठी आहे, कारण नोकरी सहज जाणार नाही असा भरवसा असलेलाच माणूस वरिष्ठाला अप्रिय गोष्ट सांगू धजतो. त्यापुढचे काम कंपनीच्या हिशेबपद्धतीचे आहे. एरिया मॅनेजरचे मूल्यमापन महिन्याच्या प्रायमरीवर करायचे थांबवून सेकंडरीवर आणावे. त्याने मार्चमध्ये टाकलेल्या मालापैकी सप्टेंबरपर्यंत किती परत आला, तो त्याच्याच नावे वजा व्हावा, तो दरम्यान बढती घेऊन दुसरीकडे गेला असला तरी. त्याच्या हाताखालून वर्षात किती जण सोडून गेले, हे त्याच्या बढतीच्या कागदावर यावे. चांगल्या विक्रेत्याला मॅनेजर न होताही पगार आणि मान वाढत जाईल अशी वेगळी वाट असावी, म्हणजे शिकवण्याची आवड नसलेल्याला केवळ पगारासाठी पाच जणांच्या डोक्यावर बसावे लागणार नाही. परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटा आणि राजीनाम्यांच्या तारखा बहुतेक कंपन्यांच्या संगणकात आजही आहेत. मासिक आढाव्याच्या पहिल्या पानावर, विक्रीच्या आकड्याशेजारी, त्या मॅनेजरवार छापायला पुढच्या महिन्यापासून सुरुवात करता येईल.